पित्तनलिकेच्या कर्करोगाचे रेणवीय निदर्शक : लिंग, व्याप्ती आणि उपाधी

१. प्रश्नाचे स्वरूप

यकृतात तयार होणारे पित्त लहान लहान नलिकांतून वाहत उजव्या व डाव्या यकृतनलिकेत येते. या दोन नलिका यकृताच्या द्वारापाशी एकत्र मिळतात आणि पुढे एका सामाईक नलिकेने ते पित्त लहान आतड्याच्या आरंभीच्या भागात पोचते. या नलिकांच्या अस्तरात उद्भवणारा कर्करोग तुलनेने विरळ असला तरी त्याचे निदान वैद्यकाला फार काळ दुर्घट राहिले आहे. याचे कारण रोगाच्या ठिकाणातच आहे. नलिका अरुंद असते व शरीरात खोलवर दडलेली असते. अर्बुद पुष्कळदा गाठीच्या रूपाने न वाढता नलिकेच्या भिंतीतून पसरत जाते, आणि त्यात कर्कपेशी थोड्या व तंतुमय ऊतक फार असे प्रमाण आढळते. यामुळे नलिकेत घातलेल्या ब्रशाला किंवा चिमट्याला कर्कपेशी अनेकदा सापडतच नाहीत. रोग्याला कावीळ होते, चित्रणात नलिका एके ठिकाणी आकुंचित झालेली दिसते. परंतु ते आकुंचन कर्करोगाचे की निव्वळ दाहाचे, हे त्या चित्रावरून निश्चयाने सांगता येत नाही.

निश्चय तर करावाच लागतो. कारण द्वारापाशी असलेल्या या रोगावरील शस्त्रक्रिया म्हणजे बहुधा यकृताचा अर्धा किंवा त्याहून मोठा भाग काढून टाकणे होय. असा भाग काढल्यानंतर त्यात कर्करोग नव्हताच, असे आढळल्याची उदाहरणे शल्यचिकित्सेच्या वाङ्मयात वारंवार नोंदलेली आहेत. उलटपक्षी, खात्री होईपर्यंत थांबावे तर रोग शस्त्रक्रियेच्या आवाक्याबाहेर जातो. जेथे प्रत्यक्ष पोचत नाही तेथे अनुमानाचा आश्रय करणे भाग पडते, आणि अनुमानाला लिंग, म्हणजे खूण, लागते. गेल्या सुमारे पंचेचाळीस वर्षांत ही खूण रेणूंच्या रूपाने शोधण्याचे जे प्रयत्न झाले, त्यांचा इतिहास केवळ प्रयोगशाळेचा इतिहास नव्हे; खूण आणि खुणेचा विषय यांच्यातील संबंध कसा पारखावा, या जुन्या प्रश्नाचाही तो इतिहास आहे. हा दुसरा इतिहास पाहणे हा प्रस्तुत निबंधाचा हेतू होय.

२. परीक्षेची साधने

एखादी चाचणी कितपत विश्वासार्ह आहे हे सांगण्यासाठी आधुनिक वैद्यक दोन मापे वापरते. रोग असणाऱ्यांपैकी किती जणांत चाचणी होकारार्थी येते, हे पहिले माप. त्यास संवेदनक्षमता म्हणतात. रोग नसणाऱ्यांपैकी किती जणांत ती नकारार्थी येते, हे दुसरे. त्यास विशिष्टता म्हणतात. ही संज्ञाद्वयी याकोब येरुशाल्मी या संख्याशास्त्रज्ञाने इ. स. १९४७ मध्ये क्ष-किरण चित्रांच्या वाचनाची परीक्षा करताना रूढ केली.

भारतीय न्यायशास्त्राला हा भेद अपरिचित नव्हता. अन्नंभट्टाचा 'तर्कसंग्रह' व त्यावरील त्याचीच 'दीपिका' यांचे अध्ययन महाराष्ट्रात पिढ्यान्‌पिढ्या चालत आले. मुंबई संस्कृत ग्रंथमालेत इ. स. १८९७ मध्ये निघालेल्या आथल्ये व बोडस यांच्या आवृत्तीमुळे तो ग्रंथ महाविद्यालयांतही स्थिरावला. लक्षणाचे तीन दोष त्यात सांगितलेले आहेत. गाईचे लक्षण 'कपिल वर्ण' असे केले तर पांढऱ्या गाई सुटतात, ही अव्याप्ती. 'शिंगे असणे' असे केले तर म्हशीही आत येतात, ही अतिव्याप्ती. 'एकच खूर असणे' असे केले तर एकही गाय त्यात बसत नाही, हा असंभव. संवेदनक्षमतेची उणीव म्हणजे अव्याप्ती आणि विशिष्टतेची उणीव म्हणजे अतिव्याप्ती, एवढी जुळणी कोणाच्याही सहज ध्यानात येईल.

परंतु नैयायिकांची परीक्षा येथे थांबत नाही. धुरावरून अग्नीचे अनुमान निर्दोष, पण अग्नीवरून धुराचे अनुमान सदोष. कारण तापून लाल झालेल्या लोखंडाच्या गोळ्यात अग्नी असतो आणि धूर नसतो. असे का होते? धुराला नुसता अग्नी पुरत नाही, ओले इंधन लागते. हे ओले इंधन म्हणजे उपाधी. जेथे जेथे धूर तेथे तेथे ते असते. जेथे जेथे अग्नी तेथे तेथे ते असतेच असे नाही. याशिवाय आणखी एक अट आहे. धूर ज्या पर्वतावर अग्नी सिद्ध करावयाचा त्याच पर्वतावर दिसला पाहिजे. यास पक्षधर्मता म्हणतात. संख्याशास्त्र दोष किती आहे हे मोजते. न्यायशास्त्र दोष कशामुळे आहे हे विचारते. रेणवीय निदर्शकांच्या इतिहासात खरी प्रगती झाली ती बहुतांशी या दुसऱ्या प्रश्नाच्या उत्तरातून, असे पुढील विवेचनावरून दिसून येईल.

३. सीए १९-९ : एका खुणेचा जन्म

इ. स. १९७५ मध्ये केंब्रिज येथे गेओर्ग क्योलर व सेझार मिलस्टीन यांनी एकाच पेशीच्या वंशातून एकाच प्रकारची प्रतिपिंडे अखंड मिळविण्याची रीत सिद्ध केली. या कार्याबद्दल त्यांना इ. स. १९८४ चे नोबेल पारितोषिक नील्स येर्ने यांच्यासमवेत मिळाले. कर्कपेशींच्या पृष्ठभागावरील एखादा विशिष्ट रेणू नेमका ओळखणारे प्रतिपिंड आता मिळविता येईल, अशी आशा या रीतीने उत्पन्न केली. फिलाडेल्फियाच्या विस्टार संस्थेत हिलरी कोप्रोव्स्की व त्यांचे सहकारी यांनी मोठ्या आतड्याच्या कर्करोगापासून वाढविलेल्या पेशी उंदरांना टोचून अशी प्रतिपिंडे तयार केली आणि इ. स. १९७९ मध्ये ती प्रसिद्ध केली. त्यांपैकी एका प्रतिपिंडाच्या क्रमांकातील शेवटचे अंक '१९-९' असे होते. ते प्रतिपिंड ज्या रेणूला चिकटते त्या रेणूला पुढे 'सीए १९-९' हे नाव पडले.

या नावात रेणूच्या घटनेचा किंवा कार्याचा निर्देश नाही. ते नाव प्रयोगशाळेतील एका नोंदीचा अवशेष आहे. रेणू कोणता याचा उलगडा नंतर झाला. इ. स. १९८२-८३ च्या सुमारास जॉन मॅग्नानी व त्यांचे सहकारी यांनी दाखविले की तो एक कर्बोदक आहे. लुईस नावाच्या रक्तगटातील 'अ' प्रतिजनाला सियालिक आम्लाची जोड मिळून तो बनतो. रक्तातील त्याचे प्रमाण मोजण्याची रीत इ. स. १९८३ मध्ये प्रसिद्ध झाली, आणि निरोगी व्यक्तींच्या मापनावरून मिलिलिटरमागे ३७ एकके ही मर्यादा ठरली. ती मर्यादा आजही प्रयोगशाळांच्या अहवालांवर छापलेली दिसते.

मोठ्या आतड्याच्या कर्करोगासाठी जन्मलेल्या या खुणेचा उपयोग मुख्यतः स्वादुपिंड व पित्तनलिका यांच्या कर्करोगांत होऊ लागला. मात्र तिची अतिव्याप्ती लवकरच उघड झाली. पित्तनलिकेच्या निरोगी अस्तरातील पेशीही हा रेणू तयार करतात व पित्तात सोडतात. खड्यामुळे किंवा दाहामुळे नलिका तुंबली की तो रक्तात उतरतो आणि कर्करोग नसतानाही आकडा शेकड्यांवर, प्रसंगी हजारांवर जातो. धुके पाहून धूर समजावा अशी ही चूक नव्हे. रेणू तोच असतो, मापनही बिनचूक असते; रेणूचा कर्करोगाशी असलेला संबंधच व्यभिचारी आहे. तुंबलेली नलिका मोकळी केल्यावर आकडा उतरतो की नाही हे पाहण्याचा प्रघात यातूनच पडला. हा प्रघात म्हणजे वस्तुतः हेतूला विशेषण लावणे होय : 'वाढलेला सीए १९-९' नव्हे, तर 'अवरोध व दाह दूर झाल्यावरही वाढलेला राहणारा सीए १९-९'.

४. लुईस रक्तगट : ओल्या इंधनाचा शोध

अव्याप्तीचे कारण मात्र कर्करोगाच्या संशोधनात सापडावयाचे नव्हते. ते रक्तपेढ्यांच्या इतिहासात पूर्वीच पडून होते. इ. स. १९४६ मध्ये आर्थर मूरंट यांनी इंग्लंडमध्ये एका नव्या रक्तगट-प्रतिजनाचे वर्णन केले आणि ज्या कुटुंबात त्याचे प्रतिपिंड आढळले त्या कुटुंबाच्या आडनावावरून त्यास 'लुईस' हे नाव दिले. हे प्रतिजन बनविण्यासाठी एक विशिष्ट विकर लागते, आणि काही व्यक्तींत ते जन्मतःच नसते. अनेक लोकसमूहांत अशा व्यक्ती शेकडा ५ ते १० असतात. आफ्रिकी वंशाच्या समूहांत त्यांचे प्रमाण याहून अधिक आढळते. या विकराचे जनुक, ज्यास आज एफयूटी३ म्हणतात, इ. स. १९९० मध्ये वेगळे करण्यात आले.

सीए १९-९ हा लुईस प्रतिजनाचाच एक अवतार असल्यामुळे ज्यांच्यात हे विकर नाही त्यांच्यात तो बनू शकत नाही, मग कर्करोग कितीही वाढलेला असो. स्वादुपिंडाच्या कर्करोगाच्या रोग्यांत रक्तगट आणि सीए १९-९ यांचा हा संबंध मार्गारेट टेम्पेरो व त्यांच्या सहकाऱ्यांनी इ. स. १९८७ मध्ये तपासला होता. न्यायाची परिभाषा येथे तंतोतंत लागू पडते. वाढलेला सीए १९-९ जेथे जेथे आहे तेथे तेथे लुईस विकर आहेच; कर्करोग जेथे जेथे आहे तेथे तेथे ते विकर असेलच असे नाही. म्हणजे हे विकर उपाधी होय, आणि लुईस-अभावी रोगी हा तप्त लोहगोलक होय. त्याच्या अहवालावरील 'मर्यादेत' या शब्दाचा 'कर्करोग नाही' असा अर्थ करणे म्हणजे धूर नाही म्हणून तापलेल्या लोखंडाला हात लावण्यासारखे आहे.

या उपाधीचा परिणाम केवळ 'आहे' किंवा 'नाही' असा नसतो. एफयूटी२ नावाचे दुसरे एक जनुक त्याच कच्च्या मालावर हक्क सांगते. ते निष्क्रिय असलेल्या व्यक्तींत सीए १९-९ स्वभावतःच अधिक बनतो. तेव्हा एकच आकडा दोन व्यक्तींत दोन भिन्न गोष्टी सांगू शकतो. शब्दाचा अर्थ प्रकरणावरून ठरतो हे भाषेच्या अभ्यासकाला सांगावयास नको. रेणूच्या बाबतीत हे प्रकरण रोग्याच्या जन्मजात जनुकांत लिहिलेले असते.

५. मर्यादेचा आकडा आणि त्याचे मोल

दोष दूर करण्याचा सोपा मार्ग म्हणजे मर्यादा सरकविणे. प्राथमिक काठिण्यकारी पित्तनलिकादाह या दीर्घकालीन रोगात नलिका जागोजाग आकुंचित होतात आणि त्यात कर्करोगाचा धोकाही मोठा असतो. त्यामुळे येथे निदान विशेष बिकट होते. अमेरिकेतील मेयो क्लिनिकच्या संशोधकांनी इ. स. २००५ मध्ये या रोग्यांसाठी १२९ एकके ही मर्यादा सुचविली. तिची संवेदनक्षमता शेकडा ७९ व विशिष्टता शेकडा ९८ भरली. आकडे आकर्षक होते. परंतु त्याच संस्थेतून इ. स. २०११ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अवलोकनात १२९ च्या वर आकडा असलेल्या रोग्यांपैकी एक-तृतीयांशाहून अधिकांत दीर्घकाळ पाहूनही कर्करोग आढळला नाही. मर्यादा वर नेली की अतिव्याप्ती घटते आणि अव्याप्ती वाढते. खाली आणली की उलट घडते. उपाधी मात्र जागच्या जागी राहते. इ. स. २०१३ मध्ये जर्मनीतील संशोधकांनी याच रोगातील व्यक्तींची एफयूटी२ व एफयूटी३ ही जनुके पाहून त्या त्या गटासाठी निरनिराळ्या मर्यादा ठरविण्याचा मार्ग दाखविला. येथे प्रथमच आकड्याऐवजी आकड्यामागील कारणाला हात घातला गेला.

हा वाद पुस्तकी नाही. शस्त्रक्रियेने काढता न येणाऱ्या द्वारस्थ कर्करोगासाठी किरणोपचार व औषधोपचारानंतर यकृत-रोपण करण्याची पद्धती मेयो क्लिनिकमध्ये इ. स. १९९३ पासून सुरू झाली, आणि इ. स. २००९ मध्ये अमेरिकेच्या अवयव-वाटप व्यवस्थेने अशा रोग्यांना अग्रक्रम देण्याचे निकष मान्य केले. पोटाच्या पोकळीतून सुई घालून अर्बुदाचा तुकडा काढल्यास कर्कपेशी पसरण्याचे भय असते. तसे केलेला रोगी या रोपणास अपात्र ठरतो. म्हणून कर्करोगासारखे दिसणारे आकुंचन असेल तर ऊतकाच्या पुराव्याऐवजी दाहाच्या अभावी १०० च्या वर गेलेला सीए १९-९ हाही निदानाचा एक आधार मानण्यात आला. म्हणजे दात्याचे एक यकृत कोणाला द्यावे, याचा निर्णय काही प्रसंगी एका कर्बोदकाच्या आकड्यावर येऊन ठेपतो. ज्याच्या शरीरात ते कर्बोदक बनतच नाही त्याच्यासाठी हा दरवाजा बंद राहतो, आणि त्याला दुसऱ्या पुराव्याची वाट पाहावी लागते. 'दाहाच्या अभावी' हे विशेषण निकषात घातले गेले, ही विवेकाची खूण खरी. परंतु लुईस गटाचे विशेषण त्यात नव्हते.

६. रक्ताकडून पित्ताकडे : पक्षधर्मता

रक्त सर्व शरीरातून फिरते. त्यात सापडलेला रेणू नलिकेतून आला, स्वादुपिंडातून आला की आणखी कोठून, हे रक्त सांगत नाही. येथे पक्षधर्मताच संशयित राहते. यास्तव खूण आकुंचनाच्या जागीच शोधावी, हा पुढील टप्पा स्वाभाविक होता.

नलिकेतून ब्रशाने खरवडलेल्या पेशी सूक्ष्मदर्शकाखाली पाहण्याची पद्धत जुनी आहे. तिच्यात अतिव्याप्ती अत्यल्प, पण अव्याप्ती फार मोठी. एकविसाव्या शतकाच्या आरंभी या पेशींतील गुणसूत्रांना प्रकाशमान रेणू जोडून त्यांची संख्या मोजण्याची रीत वापरात आली. यासाठी प्रथम जे रेणूंचे संच वापरले गेले ते मूत्राशयाच्या कर्करोगासाठी बनविलेले होते. येथेही खूण एका रोगासाठी घडली आणि दुसऱ्या रोगात नांदली. अनेक गुणसूत्रांच्या जादा प्रती एकाच पेशीत आढळणे हा कर्करोगाचा सबळ संकेत मानला गेला, आणि वर उल्लेखिलेल्या रोपणाच्या निकषांतही त्यास स्थान मिळाले.

याच्या पुढचे पाऊल जनुकांच्या वाचनाचे. पिट्सबर्ग विद्यापीठातील संशोधकांनी २८ जनुकांचा एक संच निश्चित करून २५२ रोग्यांच्या नलिकांतील नमुने तपासले व इ. स. २०२० मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध केले. केवळ सूक्ष्मदर्शकी परीक्षेची संवेदनक्षमता शेकडा ४८ होती, जनुकवाचनाची ७३. दोन्ही एकत्र घेतल्यास ती ८३ झाली. विशिष्टता जवळजवळ पूर्ण राहिली. येथे मर्यादा सरकवून काही मिळविलेले नाही. खूण जेथे शोधावयाची ती जागा बदलली, आणि एका लिंगाऐवजी परस्परपूरक अशी अनेक लिंगे घेतली. त्यामुळे दोन्ही दोष एकाच वेळी आटोक्यात आले.

७. नाव, स्थान आणि जनुक

येथे थोडे मागे वळणे आवश्यक आहे. यकृतद्वारापाशी उद्भवणाऱ्या अर्बुदाची तीन उदाहरणे विल्यम आल्टेमायर व त्यांचे सहकारी यांनी इ. स. १९५७ मध्ये वर्णिली होती. इ. स. १९६५ मध्ये येल विद्यापीठाच्या जेराल्ड क्लॅट्स्किन यांनी तेरा रोग्यांच्या आधारे त्याचे सविस्तर वर्णन केले, आणि पुढे हे अर्बुद त्यांच्याच नावाने ओळखले जाऊ लागले. शरीररचनेच्या दृष्टीने ते यकृताबाहेरील नलिकेचे. परंतु जागतिक आरोग्य संघटनेच्या अर्बुद-वर्गीकरणाच्या दुसऱ्या आवृत्तीत 'क्लॅट्स्किन अर्बुद' या नावाचा संकेतांक यकृतांतर्गत नलिकांच्या स्थानाशी जोडला गेला. इ. स. २००६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या तपासणीत असे दिसले की अमेरिकेच्या नोंदवह्यांत इ. स. १९९२ ते २००० या काळातील अशा २६९ अर्बुदांपैकी २४६ यकृतांतर्गत म्हणून नोंदली गेली होती. रोग यकृताच्या आत वाढत आहे आणि बाहेर घटत आहे, असा जो समज त्या काळी झाला होता त्याचा काही अंश या संकेतदोषाचा होता. नाव हीदेखील एक खूणच असते, आणि तिची अतिव्याप्ती रेणूच्या अतिव्याप्तीइतकीच फसवी असते.

हे स्थान महत्त्वाचे का, ते जनुकांच्या अभ्यासाने स्पष्ट केले. आयडीएच१ व आयडीएच२ या जनुकांतील उत्परिवर्तने आणि एफजीएफआर२ या जनुकाचे दुसऱ्या जनुकाशी झालेले संयोग मुख्यतः यकृतांतर्गत प्रकारात आढळतात. बाहेरील प्रकारात ते विरळ. या खुणांनी निदानाला उपचाराची जोड दिली. एफजीएफआर२ संयोग असलेल्या रोग्यांसाठी पेमिगॅटिनिब या औषधास अमेरिकेत इ. स. २०२० मध्ये, तर आयडीएच१ उत्परिवर्तन असलेल्यांसाठी आयव्होसिडेनिबला इ. स. २०२१ मध्ये मान्यता मिळाली. इ. स. २०२१ मध्येच मान्य झालेल्या इन्फिग्रॅटिनिबची मान्यता मात्र पुढे मागे घेण्यात आली. आयडीएच उत्परिवर्तने मेंदूच्या व रक्ताच्या कर्करोगांतही असतात. म्हणून पित्तनलिकेच्या कर्करोगाचे स्वतंत्र लक्षण म्हणून ती टिकत नाहीत. पण यकृतातील एका विशिष्ट अर्बुदात ती सापडली, म्हणजे पक्ष निश्चित असला, तर त्यांचे मोल मोठे आहे.

याहून उद्बोधक उदाहरण ईशान्य थायलंडचे आहे. खोन केन व आसपासच्या प्रदेशात गोड्या पाण्यातील कच्ची मासळी खाण्याची चाल आहे. तिच्यातून यकृतकृमी शरीरात शिरतात, वर्षानुवर्षे पित्तनलिकांत राहतात, आणि जगात सर्वाधिक प्रमाणातील पित्तनलिकेचा कर्करोग तेथे आढळतो. या कृमीला कर्ककारक म्हणून इ. स. १९९४ मध्ये आंतरराष्ट्रीय मान्यता मिळाली. इ. स. २०१३ च्या एका अभ्यासाने दाखविले की कृमीजन्य अर्बुदांत टीपी५३ व एसएमएडी४ या जनुकांतील बदल अधिक, तर कृमीविरहित अर्बुदांत आयडीएच व बीएपी१ यांतील बदल अधिक असतात. इ. स. २०१७ मध्ये दहा देशांतील ४८९ अर्बुदांच्या परीक्षणातून चार गट निष्पन्न झाले, आणि ते केवळ शरीरातील स्थानावरून पडलेले नव्हते. एका देशातील रोग्यांवरून बांधलेली व्याप्ती दुसऱ्या देशातील रोग्यास जशीच्या तशी लावता येत नाही, हा यातील धडा आहे. इंधन निराळे असेल तर धूरही निराळा.

८. उपसंहार

या इतिहासातून एक गोष्ट स्पष्ट होते. रेणवीय निदर्शक म्हणजे रोगाचा साक्षात् अंश नव्हे. तो रोग, रोग्याची जन्मजात घडण आणि परिस्थिती या तिहींच्या संयोगाचे फल असतो. सीए १९-९ चा आकडा दाह, अवरोध, रक्तगट आणि कर्करोग या सर्वांविषयी एकदम बोलतो, आणि ऐकणाऱ्याने त्यांतून एकच वाक्य वेचावयाचे असते. संवेदनक्षमता व विशिष्टता ही मापे त्या ऐकण्याची सरासरी चूक सांगतात. समोरच्या एका रोग्याच्या बाबतीत ती चूक होईल की नाही, हे सांगण्यास त्याच्या बाबतीत उपाधी कोणती आहे हे पाहावे लागते.

उपाधीचा शोध हा काही नव्या यंत्राचाच प्रश्न असतो असे नाही. लुईस रक्तगटाचे ज्ञान इ. स. १९४६ पासून, आणि सीए १९-९ शी त्याचे नाते इ. स. १९८० च्या दशकापासून उपलब्ध आहे. तरीही ३७ हा आकडा आजही बहुतेक अहवालांवर रक्तगटाच्या उल्लेखाविना छापला जातो. प्रगतीचा पुढील टप्पा जनुकवाचनाच्या वाढत्या सामर्थ्यातून येईल हे खरेच आहे. परंतु धूर दिसला नाही म्हणून अग्नी नाही असे म्हणण्यापूर्वी इंधन ओले होते काय, एवढे विचारण्याची शिस्त त्या सामर्थ्याला लाभली नाही, तर नव्या खुणांच्या हातूनही जुनीच चूक घडत राहील. आणि ती चूक कागदावर नव्हे, रोग्याच्या यकृतावर लिहिली जाईल.